कुरडया, बेदाणा आणि वरची मर्जी

सांगलीत एप्रिल महिन्यात गव्हाच्या कुरडया घालायच्या म्हणजे देवाच्या भरवशावर उचल घेण्यासारखं आहे. आमटी बिघडली तर गूळ-मीठ घालून सावरता येते. कुरडईचं तसं नाही. तीन दिवस गहू भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, घरभर सुटलेल्या आंबूस वासाबद्दल पाहुण्यांना खुलासे द्यायचे. मग गहू वाटून, पिळून चीक काढायचा, तो रात्रभर निवळत ठेवायचा आणि पाचव्या दिवशी पहाटे वरचं पाणी ओतून शिजवायचा. म्हणजे आज गहू भिजवणाऱ्याने शुक्रवारचं ऊन आत्ताच खर्च केलेलं असतं. ऊन देणाऱ्याने मात्र कुठल्याच कागदावर सही केलेली नसते.

आमच्या घरात ईश्वरी सत्तेची रीतसर वाटणी झालेली आहे. कुरडया पांढऱ्याशुभ्र आल्या तर गणपतीची कृपा. चिकात गुठळी राहिली तर माझा हात थांबला. आई पातेल्याला हळदीकुंकू लावते, "गजानना, तू बघ रे बाबा" म्हणते आणि लाकडी उलथनं माझ्या हातात देते. बघणारा वेगळा, ढवळणारा वेगळा. चीक शिजून काचेसारखा दिसू लागला की वाटीभर गरम चीक दूध-साखर घालून खायला मिळतो. एवढाच या धर्मकार्यातला माझा प्रसाद.

यंदाचा दिवस मी मोबाइलवर काढला. पडद्यावर गोल, पिवळा सूर्य. पावसाची शक्यता दहा टक्के. दहा टक्क्यांत आमच्या वेळी शाळेत कुणी पास होत नसे, त्यामुळे मी निर्धास्त होतो. आईला पडदा दाखवला. तिने चष्मा न लावताच पाहिला आणि म्हणाली, "त्याच्या मनात असेल तसं होईल."

अकराच्या आत गच्चीवर जुन्या साडीवर कुरडयांच्या रांगा लागल्या. सोऱ्या दाबून माझे दंड भरून आले होते. चीक गरम असतानाच दाबावा लागतो. गार झाला की सोऱ्याही हलत नाही आणि माणूसही. दुपारभर मी काठी घेऊन कावळे हाकत बसलो. साडेतीनला मिरजेच्या बाजूने काळं भरून आलं. वारा सुटला, शेजारच्या काकूंच्या पापडांनी कंपाउंड ओलांडलं आणि वळवाने गारांसकट गच्ची गाठली. आम्ही साडीची चार टोकं धरून जिन्याकडे पळेपर्यंत कुरडयांचा पुन्हा चीक झाला होता. कच्चा नव्हे, शिजलेला नव्हे, असा तिसराच.

खरा पाऊस त्यानंतर सुरू झाला, तो सांत्वनाचा. काकू म्हणाल्या, "बरंच झालं म्हणायचं. तुमच्या कोलेस्टेरॉलला तळण नकोच." एका मित्राच्या मते गच्चीत पाणी कुठे साचतं ते मला कळावं, म्हणून देवाने ही व्यवस्था केली. एका नातेवाइकाने तर फोनवर मागच्या जन्मापर्यंत चौकशी नेली. लोकांना देवावर विश्वास आहे, पण त्याला कारणं दाखवा नोटीस दिल्याशिवाय राहवत नाही, आणि तिचं उत्तरही तेच लिहून देतात. देवाला इतके वकील लागत असतील असं मला वाटत नाही. मर्जी त्याची मानायची, तर तिचा खुलासा संध्याकाळच्या चहापर्यंत आपल्याला मिळालाच पाहिजे, ही अट कुणी घातली?

शिवाय आपलाच जिल्हा बघा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. त्याच पावसाळ्यात दुष्काळी जतकडे पिण्याच्या पाण्याचे टँकर चालू होते. माझ्या कुरडया भिजल्या त्या दुपारीही एकट्या सांगली जिल्ह्यातून वर किती अर्ज गेले असतील! जत म्हणणार, येऊ दे. तासगाव म्हणणार, आत्ता नको. आणि मध्ये माझा अर्ज, कुरडयांबाबत.

तासगाव म्हटल्यावर मामा आठवला. त्याचा बेदाणा शेडवर होता. द्राक्षं द्रावणात बुडवून जाळीवर पसरली की ती वाळायला पंधरवडा लागतो, आणि तेवढ्यात ओल लागली की माल काळा पडून दर कोसळतो. माझं नुकसान डबाभर, त्याचं वर्षाचं. घाबरतच फोन लावला.

"माल काळवंडला थोडा," मामा म्हणाला. "आता खरड छाटणी आलीया तोंडावर, माणसं बघतोय."

"मामा, देवानं असं का केलं असेल रे?"

"इचारलं न्हाई," मामा म्हणाला आणि छाटणीच्या मजुरीचे वाढलेले दर सांगत बसला.

रविवारी संध्याकाळी स्वयंपाकघरात गेलो तर मोठ्या पातेल्यात गहू भिजत घातलेले.

"आई, परत? आणि पाऊस आला तर?"

"त्याच्या मनात असेल तर येईल."

"मग?"

"मग काय? गणपती पेठेतनं मोठी ताडपत्री घेऊन ये. जाड बघ."

दुकानात गणपतीच्या फोटोपुढे उदबत्ती लावलेली होती. मालक प्रसन्न. "त्या दिवशीच्या पावसानं सगळा माल खपला बघा. देवाची कृपा! ही शेवटचीच राहिलीय. तुमच्याच नशिबात होती."

किंमत ऐकली आणि म्हणालो, "काहीतरी कमी करा की."

"ते आपल्या हातात नाही, साहेब," असं म्हणून त्यांनी वर बोट दाखवलं. वर पंख्याशेजारी पाटी होती. एकच भाव.