एसेरे हा शब्द एफिक लोकांचा आहे

लेकीचं फार्मसीचं पाठांतर चाललं होतं. "फायसोस्टिग्मिन, 1864, जोब्स्ट आणि हेसे." औषध, साल, ते वेगळं काढणारे दोघे. तीनदा तेच. पोळ्या लाटता लाटता विचारलं, अगं, पण मुळात ते औषध निघालं कशातून? म्हणाली, "नोट्समध्ये एवढंच आहे." तेव्हापासून डोकं तापलंय.

कॅलाबारची बी ती. आजच्या नायजेरियाच्या आग्नेय कोपऱ्यातली. एफिक लोक तिला एसेरे म्हणत. कुणावर चेटकाचा आळ आला की त्याला ती खायला लावत. ओकला तो निर्दोष, मेला तो दोषी. स्कॉटिश मिशनऱ्यांनी त्या बिया एडिंबरोला धाडल्या. 1855 मध्ये ख्रिस्टिसन या प्राध्यापकांनी पाव बी स्वतः खाल्ली आणि जीव घाबरा झाल्यावर दाढीचं पाणी पिऊन ओकले. हे कौतुकानं सांगतात. त्यांच्याआधी जे ती बी खाऊन मेले त्यांची नावं कुठायत? ती पोटात गेली की काय होतं हे एडिंबरोला सांगितलं कुणी?

माझ्या आईचं ऑपरेशन झालं त्या दिवशी मी दाराबाहेर उभी होते. किती वेळ कुणी बोलेना. मग भूलतज्ज्ञ बाई आल्या, म्हणाल्या, "स्नायू सैल करायचं औषध उतरवलंय, आता स्वतःचा श्वास घेतायत." ते उतरवणारं इंजेक्शन निओस्टिग्मिनचं. 1931 मध्ये याच बीतल्या रेणूवर, फायसोस्टिग्मिनवर बेतलेलं.

बरं, ती शिक्षा क्रूर होती, मान्य. विषातून औषध वेगळं काढायला प्रयोगशाळाच लागली, तेही मान्य. रॉबर्टसन या डोळ्यांच्या डॉक्टरनं 1863 मध्ये बीचा अर्क स्वतःच्या डोळ्यात घातला, बाहुली आकसली, पुढे काचबिंदूवर उपचार मिळाला. धाडस होतंच. पण म्हणून "शोध लावला" म्हणायचं? एफिकांच्या ओसरीवरून उचललेली वस्तू ती!

आणि फ्रान्समध्ये 1865 साली त्याच फायसोस्टिग्मिनला नाव काय दिलं? एसेरीन. शब्दसुद्धा त्यांचाच घेतला.

पर्सी ज्युलियनबद्दल मात्र वाचताना गळा दाटून आला. गुलामांचा नातू, काळा अमेरिकन रसायनतज्ज्ञ. 1935 मध्ये त्यानं हाच रेणू प्रयोगशाळेत घडवला. लेकीला तो तरी ठाऊक असेल असं वाटलं होतं. नव्हता.

शेवटी तिच्या वहीत समासात लिहायला लावलं: एसेरे, एफिक, कॅलाबार. "परीक्षेत मार्क मिळणार नाहीत याचे," म्हणाली. नकोत. आजीला इंजेक्शन दिलं ते कुठून आलं हे नातीला माहीत हवं.

आई आतल्या खोलीत झोपलीय. घोरतेय, इथवर ऐकू येतंय.