हा फसलाय, की असाच असतो?

हा प्रश्न काल संध्याकाळी माझ्याच ओट्याला टेकून मला विचारण्यात आला. विचारणारे तिसऱ्या मजल्यावरचे काका, बँकेतून निवृत्त. मेंटेनन्सची पावती द्यायला आले, वासाच्या मागे आत शिरले आणि मग हलेचनात.

पाव ओटीजीतून, म्हणजे घरच्या छोट्या विजेच्या ओव्हनमधून, बाहेर येऊन दहा मिनिटंही झाली नव्हती. अशा पावाला सुरी लावायची नसते. बाहेर काढल्यावरही आत वाफ कोंडलेली असते, स्टार्च अजून बसायचा असतो. निदान दीड तास जाळीवर गार होऊ द्यावा लागतो, नाहीतर कापताना आतून गिच्च निघतो. हे सगळं मी तोंडाने सांगेपर्यंत काकांनी सुरी चालवली होती. मग स्वतःच केलेला तो गिच्चपणा बोटाने दाबून बघत त्यांनी वरचा प्रश्न टाकला.

"काका, गरम कापला म्हणून तसा झालाय."

"अरे, गरम भाकरी नाही का मोडत आपण?"

याला काय उत्तर द्यायचं? भाकरीत यीस्ट नसतं, आणि भाकरी चार तास माझा जीव खात नाही.

काकांनी तुकडा ट्यूबलाइटखाली धरला. खोटी नोट तपासावी तसा. "दोन." मग माझ्या बशीतला तुकडा उचलला. "तुझ्यात चार. कालवताना लक्ष नव्हतं वाटतं."

मोजत होते बेदाणे! माझं माप ठरलेलं: ३५० ग्रॅम मैदा, १५० ग्रॅम कणीक, ३३० मिली पाणी, ५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ९ ग्रॅम मीठ, १०० ग्रॅम बेदाणे आणि ७५ ग्रॅम अक्रोड. म्हणजे सुकामेवा पिठाच्या ३५ टक्के. याहून फार वाढवला तर पाव फुगायच्या ऐवजी बसतो, कारण ग्लुटेनच्या, म्हणजे पिठातल्या चिवट प्रथिनाच्या, जाळीने हवा धरायची की अक्रोड उचलायचे? कणीकही बेतानेच, तिच्यातला कोंडा तीच जाळी फाडतो.

"आणि भिजवलेस कशाला? शिऱ्यात आपण तसेच टाकतो."

शिऱ्यात पाणी आणि तूप मुबलक असतं, तिथे बेदाणा फुगणारच. कोरडा बेदाणा मळलेल्या गोळ्यात टाकला की तो शेजारच्या पिठातलं पाणी ओढतो आणि पाव दुसऱ्या दिवशी भुसभुशीत. म्हणून वीस मिनिटं कोमट पाण्यात, मग पिळून, फडक्यावर पसरून कोरडे. हे शेवटचं विसरलात तर पीठ सैल होऊन हाताला चिकटतं आणि घरातलं कुणीतरी वर मैदा भुरभुरवायचा सल्ला देतं. शिवाय हिरवा बेदाणा होतो तोच मुळी द्राक्षांना डिपिंग ऑइल (द्राक्षं बुडवायचं तेल) आणि पोटॅशियम कार्बोनेटचं पाणी देऊन, सालीवरचं मेण सैल करून, सावलीत वाळवून. एकदा धुतलेला बरा.

अक्रोड १६० अंशांवर आठ मिनिटं भाजायचे. कच्चे घातले तर सालीतल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे पाव जांभळट दिसतो आणि कडवट लागतो. आणि हे सगळं पिठात शेवटी जातं. पिठाचा गोळा ताणून पापुद्र्यातून उजेड दिसू लागला की मग, हाताने, दोन मिनिटांत. आधी घातलं तर अक्रोडाच्या कडा जाळी चिरतात. वर डोकावणारा प्रत्येक बेदाणा बोटाने आत ढकलायचा. ओटीजीचा वरचा रॉड त्याचा कोळसा करतो, आणि खाणाऱ्याला नेमका तोच मिळतो. २०० अंशांवर ४० मिनिटं, पंचवीस मिनिटांनी वर फॉइल. मधोमध थर्मामीटर ९३ दाखवतो तेव्हा पाव झाला. "छान वास सुटला" म्हणजे झाला नव्हे.

जाता जाता, दुकानात सुक्यामेव्याचं 'बेकिंग स्पेशल मिक्स' म्हणून जे पाकीट मिळतं, त्यात बरेचदा टुटीफ्रुटीही असते. म्हणजे साखरेच्या पाकात रंगवलेली कच्ची पपई, बदामाच्या भावाने. तिचा लाल रंग पिठात उतरतो तो वेगळाच. यावर कुणी चिडत का नाही?

काका तोवर कामाला लागले होते. तुकड्यातला एकेक बेदाणा ते चिमटीने उपटत होते. बेदाणे तोंडात, पाव बशीत. अक्रोडही गेले. उरली ती भोकं पडलेली, चार तासांची माझी कमाई.

"दालचिनी नाही घातलीस?"

"जास्त झाली तर यीस्ट मंदावतं, काका."

"हं." ते थांबले. चेहरा प्रसन्न झाला. मी, मूर्ख, कान टवकारले.

"बेदाणे मात्र फर्स्ट क्लास. कुठले?"

"तासगावचे."

"वाटलंच. त्या लोकांना जमतं."

आज सकाळी बेल वाजली. काका, हातात वाटी. काकू शिरा करतायत म्हणे. पाव नको, त्यातले उरले असतील तर थोडे बेदाणे.

"भिजवलेले नको हं."