पिल्लं किती सुटली ते कळतं, त्यात नर किती?

मार्च आला की कोकणातल्या कासव महोत्सवांचे फोटो दिसायला लागतात. टोपली हळूच उपडी केली, पिल्लं पाण्याकडे धावली, यंदा आमच्या गावातून इतकी पिल्लं समुद्रात गेली. ते फोटो बघून मलाही मनापासून आनंद होतो. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने २००२ मध्ये वेळासला काम सुरू केलं, तेव्हा घरटी उकरून अंडी नेणं सर्रास चालायचं. आज त्याच किनारपट्टीवरचे कासवमित्र अंधारात उठून किनारा पालथा घालतात आणि अंडी हॅचरीत, म्हणजे किनाऱ्यावरच्या कुंपण घातलेल्या जागेत, सुरक्षित ठेवतात. या कामाबद्दल मला नितांत आदर आहे. आणि तरीही मला वाटतं, आपण अजून मुख्य प्रश्न विचारायलाच सुरुवात केलेली नाही.

कोकणात अंडी घालणाऱ्या ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाचं पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या तापमानावर ठरतं. माणसात ते गुणसूत्रं ठरवतात, समुद्री कासवात तशी गुणसूत्रंच नाहीत. मादी हातभर खोल खड्डा करून शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटते आणि निघून जाते. पुढचे ४५ ते ६० दिवस सगळं त्या वाळूच्या हातात. त्यातल्या मधल्या काळात वाळू थंड राहिली तर नर, तापली तर माद्या. सीमारेषा साधारण ३० अंशांच्या आसपास, आणि दोन्ही बाजूंना दोन-तीन अंशांचा फरक पडला की जवळजवळ सगळी पिल्लं एकाच लिंगाची. त्याहून वर, ३४-३५ अंशांची वाळू सलग राहिली तर गर्भ अंड्यातच मरतात.

ही नुसती भीती नाही. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातल्या हिरव्या समुद्री कासवांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथल्या लहान कासवांत ९९ टक्क्यांहून जास्त माद्या निघाल्या. दक्षिणेकडच्या थंड किनाऱ्यांवर जन्मलेल्यांत हेच प्रमाण ६५ ते ६९ टक्के होतं. माद्या थोड्या जास्त असणं वाईट नाही, उलट सोयीचं आहे, कारण एक नर अनेक माद्यांशी जुगतो. पण नर उरलेच नाहीत तर अंडी फलित कोण करणार? आणि हे लगेच लक्षातही येणार नाही. कासव वयात यायला दहा-पंधरा वर्षं लागतात. आज आपण कौतुकाने सोडलेल्या पिल्लांचा हिशेब तेव्हा कळेल.

लोक म्हणतात, कासवं दहा कोटी वर्षांपासून आहेत, त्यांनी हिमयुगं पाहिली, तीच मार्ग काढतील. हे अर्धंच खरं आहे. मार्ग ती काढतातच. अमेरिकेतल्या फ्लोरिडात लॉगरहेड जातीची समुद्री कासवं १९८९ ते २००३ या काळात साधारण दहा दिवस आधी अंडी घालायला लागल्याचं नोंदलं गेलंय, समुद्र तापतो तसा त्यांचा हंगाम सरकला. जागाही बदलता येते. ओडिशाच्या गहिरमाथ्याला २०२१ मध्ये टॅग लावलेली ऑलिव्ह रिडले मादी २०२५ च्या जानेवारीत आपल्या गुहागरला अंडी घालायला आली! पूर्व किनाऱ्यावरचं कासव पश्चिमेला येतं, म्हणजे या प्राण्यात केवढी धमक आहे बघा. पण हिमयुगांना हजारो वर्षं लागली, आत्ताचा बदल एका माणसाच्या आयुष्यात घडतोय. आणि सरकायचं तर सरकायला किनारा हवा ना?

तोच आपण खातोय, आणि याचा मला खरंच राग येतो. किनारा खचतोय म्हणून काळ्या दगडांचे धूपप्रतिबंधक बंधारे घातले जातात. दगडावर आपटून परतणारी लाट पुढची वाळू ओढून नेते. मादी रात्री वर चढते, बंधाऱ्याला अडते आणि भरतीच्या रेषेखालीच अंडी घालते. त्या घरट्यात पाणी शिरलं की गर्भ गुदमरतात. घरं, बागा वाचवायची गरज मी नाकारत नाही, निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन-दापोलीकडची काय दशा झाली ते आपण पाहिलंय. पण वाळूच्या टेकाडावरची, वाळू धरून ठेवणारी मर्यादवेल ओरबाडायची, तिथे रिसॉर्ट उभं करायचं, मग त्याच्या रक्षणासाठी बंधारा मागायचा, ही मागणी मला मान्य नाही.

हॅचरीबद्दलही बोलायला हवं. किनाऱ्यावर मोकळी घरटी असतात तेव्हा एक वेलीच्या सावलीत, एक ओलाव्याजवळ, एक भर उन्हात असतं. त्यामुळे कुठे नर, कुठे माद्या निपजतात. हॅचरीत आपण सगळी घरटी एकाच कुंपणात, एकाच उन्हात आणतो. चोर आणि कुत्री यांच्यापासून अंडी वाचतात, पण ती विविधता जाते. उपाय अवघड नाहीत. घरट्याच्या खोलीवर तापमान नोंदवणारी छोटी यंत्रं पुरा. अर्ध्या भागावर झापांचा मांडव घाला. जिथे राखण शक्य आहे तिथे काही घरटी जागच्या जागी राहू द्या. मात्र सगळीकडे सरसकट सावली करू नका, नाहीतर तोल उलट्या बाजूला जाईल. आधी मोजा, मग ठरवा.

यंदा महोत्सवाला जाणार असाल तर फोटो जरूर काढा, पण तिथल्या कासवमित्रांना वाळूचं तापमान नोंदवता का हेही विचारा. यंत्रांसाठी पैसे कमी पडत असतील तर वर्गणी काढू, मी माझा वाटा द्यायला तयार आहे. आणि तुमचं गाव किनाऱ्यावर असेल तर पुढच्या ग्रामसभेत बंधाऱ्याचा विषय निघाल्यावर हात वर करून विचारा, की या पट्ट्यात कासवाची घरटी सापडतात का, आणि सापडत असतील तर ती मादी वर चढणार कुठून.