'एज्युकेटर्स'च्या शेवटी ती तिघं पकडली जात नाहीत

परवा रात्री भाचीने एक रील पाठवलं, "एज्युकेटर्स एंडिंग एक्सप्लेन्ड", आणि खाली तिचा मेसेज, "मामा, शेवटी सगळे हार्डेनबर्गच होतात ना." एकोणीस वर्षांची पोरगी, रोज सोलापूरच्या चार पुतळ्यावरून, म्हणजे चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांजवळून, क्लासला जाते आणि हे असं लिहिते. मला झोपच लागली नाही.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी, 2004 चा जर्मन पिक्चर, हान्स वाइनगार्टनरचा. यान आणि पीटर रात्री श्रीमंतांच्या बंगल्यात घुसतात, चोरत काही नाहीत, फर्निचर उलटंपालटं करतात आणि चिठ्ठी ठेवतात की तुमचे चैनीचे दिवस संपले. पीटरची मैत्रीण यूले, तिच्यावर 94,500 युरोचं देणं, कारण तिची गाडी हार्डेनबर्ग नावाच्या श्रीमंताच्या मर्सिडीजला धडकलेली. त्याच्याच घरात घुसलेली असताना हा अचानक येतो, तेव्हा त्याला उचलून डोंगरावरच्या घरात नेतात, तिथे कळतं की हा स्वतः 1968 च्या विद्यार्थी चळवळीतला. शेवटी सोडतात, तो देणं माफ करतो, पोलिसात जाणार नाही म्हणतो.

रील म्हणतं तिघं पकडली गेली आणि पलंगावर झोपलेला सीन म्हणजे जुनी आठवण. साफ चूक. पोलिस जिना चढतात, इकडे तिघं झोपलेली, दारावर टकटक, आपल्याला वाटतं संपलं. पण ती टकटक बार्सिलोनाच्या हॉटेलातल्या सफाईवाल्या बाईची आहे! पोलिसांना फ्लॅट रिकामा मिळतो, भिंतीवर एक चिठ्ठी, काही माणसं कधीच बदलत नाहीत. हार्डेनबर्ग शब्द फिरवणार हे पोरांनी आधीच ओळखलेलं, म्हणून ती चिठ्ठी त्याला आहे, रीलवाला म्हणतो तसं पोरांबद्दल नाही. आणि मूळ जर्मन व्हर्जनमध्ये तर पुढे तिघं बोटीतून समुद्रात निघालेली दिसतात, परदेशी प्रिंटमध्ये तेवढं कापलंय. रीलवाल्याने ते बघितलेलंच नाही.

एक मान्य करतो, मनात नसताना. ती बोट हार्डेनबर्गची आहे, ती त्याने दिली की यांनी पळवली हे मोकळंच ठेवलंय, त्यामुळे तो पूर्ण व्हिलन आहे असं मीही म्हणणार नाही. हिरो मात्र अजिबात नाही.

पण माझा खरा राग रीलच्या शेवटच्या वाक्यावर आहे, "वय झालं की सगळे बदलतात, चळवळ म्हणजे तरुणपणीची हौस." एक माणूस बदलला त्यावरून सगळे? चार पुतळ्यावरचे ते चौघे, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन, स्वातंत्र्यलढ्यात 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फासावर गेले, त्यांना हौस होती म्हणायचं का? त्यांना तर म्हातारपण मिळालंच नाही, म्हणून त्यांचं राहू दे, घरातलं बघ. तुझे आजोबा गिरणीत होते, गिरणी बंद पडली, दोन वर्षं पगार थकला, तरी युनियनची वर्गणी त्यांनी सत्तरीपर्यंत भरली, आजी ओरडायची तरी. सगळ्या पावत्या सुतळीने बांधून आजीच्या ट्रंकेत आहेत, वरच्या पावतीवर त्यांची सही थरथरलेली आहे. रविवारी ये, त्या बघ, मग जर्मन शेवट सोबत बघू.