जवानाला पोलीस अटक करूच शकत नाहीत?

‘लष्करातल्या जवानाला पोलिसांनी अटक करणं बेकायदा आहे, त्याला फक्त मिलिटरी पोलीसच नेऊ शकतात’ असा मेसेज फिरतोय. तो अर्धवट आहे.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४२ नुसार (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम ४५ होतं) केंद्राच्या संमतीशिवाय अटक होत नाही ती कर्तव्य बजावताना केलेल्या कृतीबद्दल. सुट्टीवर आलेल्या जवानाने दारूच्या नशेत कुणाचं डोकं फोडलं, तर ते कर्तव्य नव्हे. तिथे पोलीस अटक करू शकतात, अंगावर वर्दी असली तरी.

गोंधळाचं मूळ बहुधा आर्मी ॲक्ट, १९५० मधलं कलम २९ असावं. त्यानुसार दिवाणी किंवा महसुली न्यायालयाच्या हुकमाने जवानाला कर्जापायी अटक करता येत नाही. कर्जापुरतीच गोष्ट, पण मेसेजमध्ये ती सगळ्या गुन्ह्यांना चिकटवली गेली.

खटला कुठे चालवायचा हा वेगळा प्रश्न. तो कोर्ट मार्शलपुढेही, म्हणजे लष्करी न्यायालयापुढेही, जाऊ शकतो. मात्र सामान्य नागरिकाचा खून किंवा बलात्कार असेल, तर आर्मी ॲक्टच्याच कलम ७० प्रमाणे प्रकरण साध्या फौजदारी न्यायालयातच जातं. अपवाद सक्रिय सेवा (म्हणजे युद्ध किंवा लष्करी मोहिमेवर असणं), परदेश आणि अधिसूचित सीमा चौकी.