पासिंग संपलेला सर्व्हर

गेल्या बुधवारपासून आमच्या कारखान्यात अशी बातमी आहे की, बंद पडलेला सर्व्हर मालकांच्या मामांनी चालू केला. ही बातमी पहारेकऱ्याला माहीत आहे, चहा आणणाऱ्या मुलाला माहीत आहे, आणि काल हिशेबाच्या बाईंनी मला अत्यंत आदबीने विचारले, "मामा परत कधी येणार आहेत? माझा प्रिंटर कागद ओढत नाही." प्रस्तुत लेख म्हणजे या बातमीचे खंडन आहे. सर्व्हर बंद पडलेला नव्हता. तो मी बंद केला होता. या दोन वाक्यांत किती अंतर आहे, हे सांगण्यासाठी मला कारखान्यात एकही श्रोता मिळाला नाही, म्हणून २०२५ च्या या उन्हाळ्यात हे लिहितो आहे.

सोलापुरात अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत आमचा टॉवेल आणि चादरींचा कारखाना आहे. परदेशी गिऱ्हाइकाने एक प्रश्नावली पाठवली आणि तीत विचारले होते की, तुमची सर्व सॉफ्टवेअरे उत्पादकाच्या सपोर्टमध्ये आहेत काय. आमच्या सर्व्हरवर ईएसएक्सआय ६.७ होते आणि त्याचा सपोर्ट १५ ऑक्टोबर २०२२ रोजी संपला होता. ईएसएक्सआय म्हणजे काय, हे मालकांना मी पूर्वी असे समजावले होते की, सर्व्हर हा वाडा आणि ईएसएक्सआय हा त्या वाड्याचा कारभारी. बिले, हजेरी, डिझाइनच्या फायली आणि एक जराजर्जर विंडोज अशी चार बिऱ्हाडे तो एकाच वाड्यात एकमेकांच्या नळावर भांडू न देता नांदवतो. तेव्हा मालक म्हणाले होते, "मग भाडं किती येतं?" त्यानंतर मी उपमा देणे सोडले.

तर कारभारी बदलून ७.० आणायचा होता. अडचण वाड्याची होती. आमच्या सर्व्हरमध्ये झिऑन एक्स ५६५० या जातीचे दोन प्रोसेसर आहेत. प्रत्येकी सहा कोअर, २.६६ गिगाहर्ट्झ, बाजारात आले ते मार्च २०१० मध्ये. एप्रिल २०२० मध्ये ७.० आले, तेव्हा या पिढीचे नाव सपोर्टच्या यादीतून गळाले. माझ्या प्रोसेसरांना हे कोणी कळवलेले नसल्यामुळे ते अद्याप निष्ठेने काम करीत आहेत.

आता मामा. ते एस.टी.च्या कार्यशाळेतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले आहेत आणि मे महिन्यात, सोलापूरचा पारा ४३ अंशांवर गेला की, दुपारपासून सर्व्हरच्या खोलीत येऊन बसतात. कारखान्यात एसी असलेली ती एकच खोली आहे. एसी सर्व्हरसाठी आहे, हे मी त्यांना एकदा सुचवले होते. तेव्हा त्यांनी सर्व्हरला हात लावून पाहिला आणि "गारच हाय की हे" असा निर्वाळा देऊन आपली खुर्ची एसीच्या थेट खाली सरकवली. बुधवारी त्यांच्यासमोर स्टीलच्या ताटलीत कडक भाकरीचे तुकडे आणि शेंगांची चटणी होती. उखळात कुटलेली, तेल सुटलेली, लालभडक चटणी. ताटली कीबोर्डच्या डाव्या कडेला टेकलेली होती. हा तपशील वाचकांनी लक्षात ठेवावा.

सर्व्हर बंद करून ७.० चा पेनड्राइव्ह लावला आणि सुरू केला. आतले सगळे पंखे एकदम पूर्ण वेगाने फिरले आणि खोलीत विमान उतरल्यासारखा आवाज झाला. काही मिनिटांनी पडद्यावर अपेक्षित तो नकार उमटला.

"काय म्हणतंय ते?"

"हा प्रोसेसर चालणार नाही म्हणतंय, मामा."

"बिघडलाय होय?"

"नाही. ठणठणीत आहे."

"मग?"

"जुना आहे. दोन हजार दहाचा."

मामांनी चटणीची बोटे एकेक करून मोजली. "पंधरा वर्षं पुरी. पासिंग संपलं की मग त्याचं!"

यानंतर मामांनी मला पंधरा वर्षांचा नियम सांगितला. खासगी गाडीला पंधरा वर्षांनी पुन्हा तपासणी करून पाच वर्षे वाढवून मिळतात. पण सरकारी गाडीला १ एप्रिल २०२३ पासून तेही नाही, पंधरा झाली की थेट भंगारात. त्यांच्या हाताखालून गेलेल्या कोणा एका बसचे इंजिन असे होते म्हणे की, त्याच्या टपावर पाण्याचा पेला ठेवला तर पाणी हलत नसे. "ती गाडी घाटात कधी बंद पडली नाही, बाळा. कागदात बंद पडली." हे सांगताना त्यांचा आवाज खरोखरच जड झाला होता, आणि मी स्क्रूड्रायव्हर हातात धरून गंभीर चेहऱ्याने उभा होतो, कारण निवृत्त माणसाच्या बसच्या आठवणीत व्यत्यय आणणारा इसम आमच्या गावात उद्धट समजला जातो.

नेमके याच वेळी मालक आत आले. मामा म्हणाले, "त्याला लिहून दे. लिही की, जुना हाय हे मला ठाऊक हाय, माझ्या जबाबदारीवर चालवतो. कायदा कुठलाबी असू दे, जबाबदारी घेणारा मिळाला की तो वाट देतो."

येथे मला प्रतिज्ञेवर सांगायचे आहे की, हे करण्याची नेमकी ओळ आदल्या रात्रीच कागदावर लिहून मी शर्टच्या खिशात ठेवली होती: 'अलाऊ लेगसी सीपीयू' हे तीन शब्द एकत्र जोडून, पुढे बरोबरचे चिन्ह आणि 'ट्रू'. इन्स्टॉलर, म्हणजे ७.० बसवणारा प्रोग्राम, सुरू होताना शिफ्ट आणि ओ ही बटणे दाबून ही ओळ भरायची असते. म्हणजे मामांनी जे सांगितले तेच, फक्त इंग्रजीत. कागद खिशातून काढून दाखवण्याचा विचार माझ्या मनात आला. परंतु ऐनवेळी खिशातून काढलेला कागद हा नेहमी आत्ताच लिहिल्यासारखा दिसतो.

मी सर्व्हर पुन्हा सुरू केला, पुन्हा विमान उतरले, काही मिनिटे गेली, आणि बटणे दाबायला मिळणाऱ्या पाच सेकंदांच्या मुदतीत शिफ्ट दाबले, तर ते खालीच जाईना.

"शिफ्ट चालत नाही," मी ओरडलो.

मालकांचा चेहरा उतरला. "कुठली? रात्रपाळीचे आले नाहीत?" असे म्हणत त्यांनी सुपरवायझरला फोन लावला आणि पाच मिनिटे त्याची हजेरी घेतली. मी टाचणीने शिफ्टच्या कडेतून शेंगदाण्याचा कूट काढत होतो. मामा शांतपणे म्हणाले, "उजवीकडं बी एक शिफ्ट हाय की." होते. पंधरा वर्षे कीबोर्ड बडवणाऱ्या मला ते बुधवारी मामांनी दाखवले. ओळ भरली गेली, इन्स्टॉलर मुकाट पुढे सरकला, आणि मालकांनी मामांच्या पाठीवर थाप मारून जे उद्गार काढले, तेच आज कारखानाभर बातमी म्हणून फिरत आहेत.

त्यानंतर दोघे जेवायला गेले. खरे काम तेथून सुरू झाले. डिस्क निवडण्याच्या पडद्यावर माझ्या सहा डिस्कपैकी एकही नव्हती. दिसत होता तो फक्त माझा पेनड्राइव्ह. ७.० मध्ये जुन्या पद्धतीचे सगळे ड्रायव्हर, म्हणजे सर्व्हरचे सुटे भाग चालवणारी छोटी सॉफ्टवेअरे, काढून टाकले आहेत आणि आमच्या डिस्क सांभाळणारे रेड (RAID) कार्ड त्यांतल्याच एकावर जगत होते. हे मी वाचले नव्हते असे नाही. वाचून 'आपले कार्ड त्यात नसेल' असे ठरवले होते. कपाटातून दुसरे कार्ड काढले, डिस्क नव्याने जोडल्या. बॅकअप आधीच घेतला होता. मुद्दाम सांगतो, कारण कोणीही विचारले नाही. इन्स्टॉल झाल्यावर यंत्र पुन्हा सुरू केले, तर पुन्हा तोच नकार, कारण दिलेले हमीपत्र त्या एका वेळेपुरतेच असते. ते कायमचे करायला बूट डॉट सीएफजी या फायलीत कर्नलऑप्टच्या ओळीत लिहावे लागते. तेही लिहिले, आणि चारही बिऱ्हाडे बॅकअपमधून परत आणली. तेव्हा पहाटेचे साडेतीन झाले होते आणि साक्षीला फक्त रिकामी ताटली होती.

घरी जाताना चादरीच्या शेडमधून गेलो. तेथे जेकार्डचे माग खडखडत होते. भोकांचे पत्ते साखळीने वर चढत होते. भोक आहे की नाही, एवढ्यावर धागा उचलायचा की सोडायचा हे ठरत होते. ही युक्ती १८०४ सालची आहे. आमच्या शेडमधला सर्वांत जुना माग मालकांच्या वडिलांनी घेतला, आणि दुसरीकडून वापरलेला घेतला. त्याचा पट्टा तुटला तर पट्टा बदलतात, दाता झिजला तर दाता ओतून आणतात. नवा पत्ता चढवला म्हणून 'तुमच्या मागाची पिढी आम्ही यादीतून काढली आहे' असे तो कधी म्हणाल्याचे ऐकिवात नाही. माझ्या सर्व्हरमध्ये तर काहीच झिजलेले नाही. बारा कोअर, पैकी निम्मे दिवसभर झोपलेले. त्याला मोडीत काढायला दूरच्या कोणीतरी एका तक्त्यातली ओळ खोडणे पुरते, आणि ती ओळ खोडली म्हणून नव्या सर्व्हरचे लाखभर रुपये माझ्या मालकांनी टॉवेल विकून उभे करायचे. याचा मला राग येतो. पहाटे जास्त येतो.

सकाळी प्रश्नावलीवर 'होय' अशी खूण केली. खूण अर्धीच खरी आहे. सॉफ्टवेअर सपोर्टमध्ये आहे, पण ज्यावर चालते ते यंत्र नाही, म्हणून उद्या काही झाले तर फोन कोणाला करायचा हा प्रश्न आहेच. शिवाय ७.० चा सपोर्टही २ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार आहे. मी कॅलेंडरवर ती तारीख पाहिली. त्या दिवशी दसरा आहे.

मालकांना तारीख तेवढी सांगितली, पुढचे सांगायला तोंड उघडले, तोच ते म्हणाले, "बरी आठवण केलीत. यंदा मागांच्या बरोबरीनं सर्व्हरलाही झेंडूचा हार घालायचा. नारळ मामांच्या हस्ते."