भरपाई हवीय? मग आधी मालक व्हा

गुलामगिरीची नुकसानभरपाई मागायला निघाला असाल, तर आधी जुन्या नोंदवहीत आपलं नाव कुठल्या रकान्यात आहे ते बघा. मालकाच्या रकान्यात असेल तर निम्मं काम झालंच. मालाच्या यादीत असेल तर घाई करू नका, तुमच्याकडे वेळच वेळ आहे.

मालकांसाठी ब्रिटनची 1833 ची पद्धत सर्वांत सोयीची. गुलामगिरी बंद करताना पार्लमेंटनं मालकांना 2 कोटी पौंड मंजूर केले, म्हणजे सरकारच्या वर्षाच्या खर्चाच्या जवळपास 40 टक्के. अर्जात माणसं वर्गवार लिहायची: मुकादम, कारागीर, शेतावरचे, घरकामाचे. सहा वर्षांखालची पोरं आणि म्हातारे-आजारी यांचे रकाने वेगळे. संकोचून ते कोरे सोडू नका. पोरं कायद्यानं लगेच मोकळी झाली, तरी त्यांचेही पैसे मिळतात. आठ लाख माणसांचा हा हिशेब टाक-दौतीनं पुरा झाला. ‘इतका किचकट हिशेब करणार कोण?’ हा प्रश्न संगणक आल्यावरचा आहे.

सुटका झाली म्हणून लगेच मजुरी देऊ नका. ‘उमेदवारी’ (म्हणजे शिकाऊपणा) नावाचं कलम घालून घ्या: आणखी चार ते सहा वर्षं, आठवड्याला 45 तास, फुकट. (ते 1838 मध्येच गुंडाळावं लागलं, तेवढा धोका धरून चाला.) जॉन ग्लॅडस्टन या मळेमालकानं एक लाख पौंडांहून जास्त भरपाई घेतली आणि त्याच 1838 मध्ये कलकत्त्याहून करारावरचे मजूर ब्रिटिश गयानाला उतरवले. याला म्हणतात दूरदृष्टी.

पैसे कर्ज काढून द्यायला लावा. ब्रिटनचं ते कर्ज 2015 मध्ये फिटलं. तोवर तिथे कर भरणाऱ्या जमैकन गुलामांच्या पणतू-खापरपणतूंनी, आणि लंडनला नोकरीला गेलेल्या आपल्या जोशी-जाधवांनीही, त्याला हातभार लावला. पुण्य कुठे वाया जातं?

भाव ठरवायला जाणकार माणूस हवा. अमेरिकी काँग्रेसनं 1862 मध्ये वॉशिंग्टन शहरापुरता सुटकेचा कायदा करून तिथल्या मालकांना अर्जासाठी 90 दिवस दिले, माणशी सरासरी 300 डॉलरची मर्यादा घातली आणि पारख करायला बाल्टिमोरचा एक गुलामांचा व्यापारीच बोलावला. बैलबाजारात दात बघायला दलालच लागतो. तिथे कीर्तनकार काय कामाचा?

आता दुसऱ्या रकान्यातल्यांसाठी. 1865 च्या जानेवारीत अमेरिकी यादवी युद्धातल्या जनरल शर्मनच्या हुकुमानं सुटलेल्या गुलामांना 40 एकरांपर्यंतचे तुकडे वाटायला काढले होते. त्याच वर्षी अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सननी बहुतेक जमीन जुन्या मालकांना परत करायला लावली. यावर अर्ज-विनंत्या करत बसाल तर कॅली हाउसबाईंची गत आठवा. या बाई माजी गुलामांना पेन्शन मिळावी म्हणून वर्गणी गोळा करायच्या. पेन्शन कधीच मंजूर होणार नाही हे सरकारला पक्कं ठाऊक, सबब तिची आशा दाखवणं म्हणजे पोस्टातून फसवणूक. 1917 मध्ये बाई तुरुंगात.

म्हणून मागणी बेतानं करावी. अमेरिकी खासदार जॉन कॉनियर्सनी 1989 मध्ये मांडलेलं विधेयक भरपाई देण्याचं नव्हतंच, अभ्यासाला आयोग नेमण्याचं होतं. 2021 मध्ये ते समितीतून बाहेर पडलं, पण सभागृहात मतदानाला आलंच नाही. आपल्याकडे सरकारी काम आणि सहा महिने थांब. तिथे ‘थांब’ एवढंच.

तोवर इलिनॉयमधल्या एव्हन्स्टन गावात नशीब अजमावा, तिथे कृष्णवर्णीयांसाठी भरपाईची योजना निघाली. 1919 ते 1969 या काळात तुम्ही किंवा तुमचे पूर्वज तिथे राहत होते याचा कागद काढा. 2022 च्या पहिल्या फेरीत चिठ्ठ्या टाकून 16 नावं निघाली. प्रत्येकी 25,000 डॉलर, तेही तेव्हा हातात नाही. घर घ्यायचं, डागडुजी करायची किंवा गृहकर्ज भरायचं.

आणि रोख तरतूदच हवी असेल, तर 1862 च्या त्याच वॉशिंग्टनच्या कायद्यात सुटलेल्या गुलामांसाठीही एक कलम होतं: देश सोडून जाणार असाल तर माणशी 100 डॉलरपर्यंत खर्च. जायचं कुठे, तेही लिहिलं होतं. लायबेरिया, हैती किंवा अध्यक्ष ठरवतील तो परदेश. हैती निवडा, हवा चांगली आहे. पोचल्यावर कळेल की 1825 मध्ये फ्रान्सनं 14 युद्धनौका पाठवून 15 कोटी फ्रँकचं बिल दिलंय, पुढे घासाघीस होऊन 9 कोटींवर आलेलं, आणि गावातले लोक आपल्याच सुटकेचे पैसे जुन्या मालकांना फेडतायत.